प्राण्यांवरील प्रयोगाला संमती कोणत्या निकषावर द्यावी?

अबोली

नमस्कार. मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका आहे. आमच्या जिल्ह्यातील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीवर विज्ञानक्षेत्राबाहेरील, सामाजिक भान असलेली सदस्य म्हणून अलीकडेच माझी नेमणूक झाली. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत अशी समिती असावी लागते आणि तिच्या संमतीशिवाय एका उंदरालाही सुई टोचता येत नाही, हे मला त्यानिमित्ताने समजले.

पहिल्या बैठकीचे कागद हाती आले आहेत. त्यातील एक प्रस्ताव एम. फार्म.च्या विद्यार्थ्याचा आहे. निर्गुडीच्या पानांच्या अर्काने सूज उतरते का, हे पाहण्यासाठी त्याला विस्टार जातीचे ३६ पांढरे उंदीर हवे आहेत. सहा-सहांचे सहा गट करायचे, प्रत्येक उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात कॅराजीनन टोचून सूज आणायची, ती दर तासाला मोजायची आणि प्रयोग संपला की सर्वांना वेदनारहित मरण द्यायचे, अशी पद्धत त्यात दिली आहे. अर्जात सारे रकाने भरलेले आहेत. पर्यायी पद्धत का चालणार नाही, या रकान्यात मात्र एकच वाक्य आहे: ‘सजीव प्राण्याला पर्याय नाही.’

माझी अडचण अशी आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास आपल्याकडे मे २०१४ मध्ये बंदी आली आणि अशी चाचणी झालेल्या प्रसाधनांची आयातही त्याच वर्षी १२ नोव्हेंबरपासून बंद झाली. तेव्हा मला मनापासून समाधान वाटले होते. परंतु सशाच्या डोळ्यात पदार्थ घालून पाहण्याची चाचणी घ्या: ससा तोच, डोळा तोच आणि होणारी आगही तीच असेल, तर बाटलीवर शाम्पूऐवजी औषध लिहिले आहे एवढ्यामुळे ती वेदना समर्थनीय कशी ठरते? दुसरीकडे, माझी आई वीस वर्षे इन्सुलिनवर जगली आणि ते इन्सुलिन कुत्र्यांवरील प्रयोगांतून आले, हेही मी विसरू शकत नाही. सरसकट नकार देणे मला अप्रामाणिक वाटते आणि डोळे मिटून सही करणे त्याहून अप्रामाणिक. ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे किंवा याविषयी गांभीर्याने विचार केला आहे, त्यांनी कृपया सांगावे की अशा प्रस्तावाकडे पाहताना काय विचारावे, आणि नाही म्हणायचे तर कशाच्या आधारावर म्हणावे.

जुना प्रयोगशिक्षक

अबोलीताई, मी औषधशास्त्र शिकवत होतो आणि अशा समित्यांवर अनेक वर्षे बसलो आहे. तुम्ही ज्या एका वाक्यापाशी थांबलात, नेमके तिथेच थांबायला हवे.

आधी कायद्याची बाजू सांगतो, कारण बैठकीत तिचाच आधार लागतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून आला. त्या कायद्याने प्रयोगांना मुभा दिली आहे; पण त्याच्या १७व्या कलमात असेही म्हटले आहे की जिथे शक्य असेल तिथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, मोठ्या प्राण्याऐवजी लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये आणि केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत. उंदीर, ससे, गिनीपिग यांचे प्रस्ताव तुमच्या समितीकडे येतील. कुत्रा किंवा माकड असेल तर प्रस्ताव प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे पाठवावा लागतो. याचा अर्थ असा की उंदरांच्या बाबतीत तुमच्या समितीचा शब्द जवळजवळ शेवटचा असतो, आणि म्हणूनच तो विचारपूर्वक द्यायला हवा.

रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन कसोट्या मांडल्या आणि आज जगभर त्याच वापरल्या जातात. प्राण्याशिवाय काम होईल का, होणार नसेल तर कमी प्राण्यांत होईल का, आणि जे प्राणी घ्यावेच लागतील त्यांचा त्रास कमी करता येईल का, अशा त्या आहेत. अडचण एवढीच की अर्ज लिहिणाऱ्याला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पाठ झालेली असतात. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो तुम्ही विचारावा: हे उत्तर कोणाला हवे आहे?

निर्गुडीचेच घ्या. पायाच्या तळव्यात कॅराजीनन टोचण्याची ही चाचणी १९६०च्या दशकापासून वापरात आहे. ती स्वस्त आहे, चार-पाच तासांत संपते आणि आलेख छान येतो, म्हणून औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत ती वर्षानुवर्षे होत राहते. निर्गुडीच्या पानांच्या अर्कावर याच चाचणीचे शोधनिबंध आधीच पुष्कळ प्रसिद्ध झालेले आहेत. तळव्यात दशांश मिलिलिटर द्रव टोचला की तासाभरात पाऊल फुगते, उंदीर ते जमिनीला टेकवेनासा होतो, आणि विद्यार्थी ते पाऊल खुणेपर्यंत नळीत बुडवून किती द्रव वर सरकला ते वहीत लिहितो. सहा गटांपैकी एका गटाला तुलनेसाठी कोणतेच औषध मिळत नाही. त्या सहा उंदरांच्या वाट्याला नुसती सूज येते. हे सारे करून ‘अर्काने सूज उतरली’ असे निघाले, तरी पुढे काय? त्या अर्कातील घटक वेगळे करायचे आहेत का, मात्रा ठरवायची आहे का, रुग्णांपर्यंत काही न्यायचे आहे का? बहुतेक वेळा प्रबंध बांधून होतो, पदवी मिळते आणि पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी दुसऱ्या गावची निर्गुडी घेऊन त्याच टेबलाशी येतो. पदवी ही त्या विद्यार्थ्याची गरज आहे, हे मला मान्य आहे. पण ती प्राण्याच्या वेदनेच्या बदल्यात भागवण्याजोगी गरज आहे, असे मला वाटत नाही. सूज निर्माण करणाऱ्या विकरांवर (एन्झाइमांवर) किंवा मानवी रक्तपेशींवर अर्काचा परिणाम परीक्षानळीत पाहता येतो, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्यातून शिकायला अधिकच मिळते.

आता तुमचा शाम्पू आणि औषधाचा प्रश्न. सशाच्या डोळ्याची चाचणी ड्रेझ यांनी १९४४ मध्ये अमेरिकेत रूढ केली. एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा तुलनेला ठेवायचा आणि लाली, सूज, बुबुळाचा गढूळपणा यांना गुण देत तीन आठवड्यांपर्यंत पाहत राहायचे, असे तिचे स्वरूप होते. प्राणीहक्क कार्यकर्ते हेन्री स्पिरा यांनी १९८० मध्ये एका मोठ्या प्रसाधन कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात दिली, तेव्हा लोकांना हे प्रथम कळले आणि पर्यायांच्या संशोधनाला पैसा मिळू लागला. आज प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचा बुबुळासारखा पडदा वापरून बरीचशी तीच माहिती मिळते. म्हणजे प्रसाधनांच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या: वस्तू अत्यावश्यक नव्हती आणि पर्याय तयार झाला होता. औषधांत पहिली गोष्ट नसते आणि दुसरी अर्धवट असते. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुविरोधी औषधाचे गोड द्रव रूप डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रावकात विरघळवून विकले गेले. विक्रीपूर्वी त्याची विषारीपणाची चाचणी कोणी केली नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्यानंतरच १९३८ चा कायदा आला आणि सुरक्षितता सिद्ध केल्याशिवाय औषध विकणे बंद झाले. वेदना दोन्हीकडे तीच आहे हे तुमचे म्हणणे खरे आहे. फरक पडतो तो वेदना न दिल्यास कोणाचे काय जाईल, याने.

कातळसडा

मी रत्नागिरी जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. सरांचे म्हणणे मला पटते, पण ‘गरज’ हा शब्द जिथे अगदी उघडावाघडा दिसतो, ते ठिकाण मला दाखवायचे आहे.

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी फुरसे चावलेले रुग्ण येतात. हिरड्यांतून रक्त येते, रक्त गोठायचे थांबते आणि वीस मिनिटे काचेच्या नळीत ठेवलेले रक्त नळी कलती केली की पाण्यासारखे वाहते. अशा वेळी प्रतिविषाशिवाय दुसरा उपाय नाही. ते तयार होते घोड्यांपासून. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष अगदी थोड्या मात्रेने सुरू करून घोड्याला वाढत्या प्रमाणात टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली की रक्त काढतात आणि रक्तद्रवापासून प्रतिविष बनवतात. ते पुरेसे प्रभावी आहे की नाही हे कुपी बाहेर पडण्यापूर्वी उंदरांवर तपासले जाते: विष आणि प्रतिविष एकत्र करून टोचायचे आणि किती उंदीर जगतात ते मोजायचे. एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे ०.६ मिलिग्रॅम आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे, हा आपल्या औषधसंहितेचा दंडक उंदरांच्या जगण्या-मरण्यावरच उभा आहे.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील, शेतात राबणारी माणसे. म्हणून घोड्याला आणि उंदराला होणारा त्रास मी स्वीकारतो, आणि तो स्वीकारताना मला जड वाटते हेही सांगतो.

मात्र याच उदाहरणात एक दोष आहे आणि तो लपवणे योग्य नाही. प्रतिविषासाठी लागणारे विष प्रामुख्याने तामिळनाडूतील साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि त्याच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते. त्यामुळे दुसऱ्या भागातील दंशाला काही वेळा जास्त कुप्या द्याव्या लागतात. प्रत्येक जादा कुपीमागे जादा घोडे आणि जादा उंदीर आहेत. प्रादेशिक विष गोळा करण्याची व्यवस्था झाली, तर माणसेही वाचतील आणि प्राणीही कमी लागतील. प्राण्यांचा त्रास कमी करण्याचा मार्ग पुष्कळदा विज्ञान नीट करण्यातूनच जातो. तुमच्या समितीत ढिसाळ आखणीचा प्रस्ताव आला, तर तो केवळ वैज्ञानिक दोष समजून सोडून देऊ नका. तो नैतिक दोषही आहे.

निर्वैर

वरील दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले, तरीही मी असहमत आहे आणि असहमतीही या चर्चेत नोंदली जावी असे मला वाटते.

‘गरज’ मोजतो कोण? ज्याला लाभ होणार तोच. ज्याच्या तळव्यात सुई जाणार त्याला मत नाही, वकील नाही आणि नकार देण्याची भाषाही नाही. माणसांवरील प्रयोगात संमती अनिवार्य मानली जाते. संमती देऊ न शकणाऱ्या माणसाला, म्हणजे तान्ह्या मुलाला किंवा बेशुद्ध रुग्णाला, आपण अधिक संरक्षण देतो. प्राण्याच्या बाबतीत मात्र संमती देता न येणे हेच त्याला वापरण्याचे निमित्त ठरते. या विसंगतीचे समाधानकारक उत्तर मला कुठेही मिळालेले नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार केली, सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. सशांचे जे झाले त्याचे समर्थन मी करत नाही, पण धोक्यातला आपला वाटा त्यांनी उचलला होता. आजच्या अर्जांत तसा वाटा कोणाचाच नसतो.

प्राण्यांवर तपासले म्हणजे माणसे सुरक्षित झाली, हेही गृहीत धरू नये. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ हे नवे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. माकडांना जी मात्रा सोसली होती तिच्या पाचशेव्या भागाइतकीच मात्रा त्यांना दिली होती, तरीही काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. ते वाचले, पण माकडाची प्रतिकारयंत्रणा माणसाची नव्हे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. आपल्याच मुंबईत, रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये मिसळलेल्या, सरांनी सांगितलेल्या डायएथिलिन ग्लायकॉलनेच १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी घेतला. त्या रसायनाचा विषारीपणा तोवर जवळजवळ अर्धशतक जगाला माहीत होता. तिथे आणखी प्राणी मारण्याची गरज नव्हती. ग्लिसरीनची साधी रासायनिक तपासणी करणारा जबाबदार माणूस हवा होता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीतून हाच निष्काळजीपणा उघड झाला.

मार्च २०२३ मध्ये आपल्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि पेशी, सूक्ष्म अवयवप्रतिकृती, संगणकीय प्रारूपे यांवरील माहितीही औषधाच्या परवानगीसाठी ग्राह्य धरण्याचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेने असा बदल डिसेंबर २०२२ मध्ये केला होता. कायदाच जर ‘सजीव प्राण्याला पर्याय नाही’ असे म्हणत नसेल, तर विद्यार्थ्याने ते कसे लिहावे? अबोलीताई, तुम्ही नकार द्यावा असे मी सुचवेन. निदान या प्रस्तावाला तरी.

कापूसवाट

मी यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो आणि कृषी पदवीधर आहे. औषधे आणि प्रसाधने यांच्या पलीकडची एक वस्तू इथे कोणी मांडली नाही, म्हणून लिहितो.

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. तो रंग ठरतो प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या मृत्यूवरून. निम्मे प्राणी मरायला शरीराच्या दर किलो वजनामागे तोंडावाटे किती मिलिग्रॅम विष लागले, हे पाहतात. पन्नासपर्यंत लागले तर लाल, पाचशेपर्यंत पिवळा, पाच हजारांपर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे तो त्रिकोण हा मेलेल्या जनावरांनी आपल्यासाठी लिहून ठेवलेला इशारा आहे.

२०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. कपाशी खांद्याइतकी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, मास्क आणि हातमोजे कोणाकडे नव्हते आणि दुकानदाराने सांगितलेली दोन-तीन औषधे एकत्र कालवून पंपात भरली जात होती. डब्यावर त्रिकोण होताच. पण मजुराला त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी त्या उन्हात अंगभर घालायचे संरक्षक कपडे त्याला कोण देणार होते? ज्या माहितीसाठी प्राणी मारले, ती माहिती ज्याच्या रक्षणासाठी होती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. मला प्राण्यांच्या हक्कांविषयी फार काही कळत नाही, निर्वैर यांच्याइतका त्याचा अभ्यासही नाही. पण हा अपराध दुहेरी आहे, एवढे मला निश्चित वाटते. प्रयोगाला संमती मागणाऱ्याने त्याचा निष्कर्ष कोणापर्यंत आणि कसा पोहोचवणार, हेही लिहून द्यावे.

अबोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निर्वैर यांचा संमतीविषयीचा मुद्दा मला निरुत्तर करतो, आणि तरीही कातळसडा यांच्या रुग्णालयातील ती काचेची नळी डोळ्यांसमोर ठेवून मी प्रतिविषाच्या चाचणीला ‘नाही’ म्हणू शकणार नाही. हे दोन्ही एकाच वेळी मनात बाळगावे लागेल, असे दिसते.

निर्गुडीच्या प्रस्तावाबाबत मात्र माझे मत तयार झाले आहे. तो आहे त्या स्वरूपात मान्य करू नये, असे मी बैठकीत मांडणार आहे. विद्यार्थ्याकडून तीन गोष्टी लेखी मागवाव्यात, असे सुचवीन: याच वनस्पतीवर याच चाचणीचे आधी झालेले काम आणि त्यात उरलेला नेमका प्रश्न; परीक्षानळीतील चाचणी आधी का केली नाही याचे कारण; आणि निष्कर्ष काहीही निघाला तरी तो प्रसिद्ध करण्याची हमी, म्हणजे पुढच्या कोणाला तेच उंदीर पुन्हा मागावे लागणार नाहीत. एकच शंका उरते. समितीतील इतर सर्व जण शास्त्रज्ञ आहेत. बहुमताने प्रस्ताव मंजूर झाला, तर माझ्या आक्षेपाला काही अर्थ राहतो का?

जुना प्रयोगशिक्षक

राहतो. आक्षेप तोंडी मांडून थांबू नका. तो कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि इतिवृत्तावर सही करण्यापूर्वी तो तसाच उतरला आहे ना, हे वाचून पाहा. केंद्रीय समितीने नेमलेले जे सदस्य तुमच्याबरोबर बसतात, त्यांच्याशी बैठकीआधी बोलून ठेवा. त्यांच्यापैकी एकाने जरी तुमचा प्रश्न उचलून धरला, तरी प्रस्ताव सुधारणेसाठी परत जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. विद्यार्थ्याला बैठकीत बोलावून घ्यावे, असाही आग्रह धरा. माझा अनुभव असा की त्या मुलांना हे प्रश्न आधी कोणी विचारलेलेच नसतात, आणि विचारल्यावर त्यांतील अनेक जण स्वतःहून प्रयोगाची आखणी बदलतात. मार्गदर्शकांचे मन वळायला मात्र वेळ लागतो.

आणखी एक. प्राणीगृह स्वतः जाऊन पाहा. समितीचे सदस्य म्हणून तो तुमचा अधिकार आहे. पिंजऱ्यात किती उंदीर आहेत, खालचा भुसा किती दिवसांपूर्वी बदलला, मे महिन्यात वीज गेली तर थंडाव्याची काय सोय आहे आणि सुट्टीच्या दिवशी पाणी कोण भरते, हे तिथल्या मदतनिसाला विचारा. अर्जात यांतले काहीच सापडत नाही.